लक्षवेधी लागली का?

आमदाराचा पीए म्हणजे बदल्यांची शिफारसपत्रं टाइप करणारा आणि लग्नपत्रिकांच्या तारखा सांभाळणारा माणूस, असा लोकांचा समज असतो. तो बराचसा खराही आहे. पण वर्षातून तीनदा अधिवेशन लागतं, अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरचं हिवाळी, तेव्हा या माणसाच्या मानेवर वेगळंच जोखड येतं. मतदारसंघातलं दुखणं सभागृहाच्या नियमात बसवून द्यायचं. मी मूळचा जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक. प्रतिनियुक्तीवर एका आमदारांकडे गेलो आणि तिथंच मुरलो. आमचे साहेब बराच काळ विरोधी बाकांवर होते. म्हणजे हाताशी सत्ता नाही, निधी बेताचा, आणि जवळ नियमांचं पुस्तक. नव्यानं हे काम हाती घेतलेली पोरं अधूनमधून फोन करून विचारतात, त्यांना सांगतो ते इथं लिहून ठेवतो.

१. आधी आयुध ठरवा, मजकूर नंतर

विधिमंडळाच्या कोठारात आयुधं पुष्कळ आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, स्थगन प्रस्ताव, अल्पकालीन चर्चा, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना, अशासकीय ठराव. विधानसभेत नियम २९३ची चर्चा, परिषदेत २६०ची. नवा आमदार पहिल्या अधिवेशनात एकाच विषयावर सगळ्या सूचना ठोकून देतो आणि एकही लागत नाही.

प्रत्येकातून हाती येणारी वस्तू निराळी असते. प्रश्नातून छापील माहिती मिळते, पण त्याची सूचना कितीतरी आधी द्यावी लागते. लोकसभेतसुद्धा किमान पंधरा पूर्ण दिवस. त्यामुळे काल घडलेल्या गोष्टीला प्रश्न कामाचा नाही. अल्पसूचना प्रश्न असतो, पण त्याला मंत्र्यांची संमती लागते, आणि अडचणीच्या विषयावर संमती कोण देतो! लक्षवेधीतून मंत्र्यांचं निवेदन मिळतं आणि त्यांना उभं करून दोन-तीन गोष्टी विचारता येतात. २९३च्या चर्चेत तासन्‌तास बोलता येतं, पण पन्नास जणांनी मांडलेल्या दोनशे मुद्द्यांना मंत्री एकच भाषण देऊन मोकळे होतात आणि तुमचा तालुका त्यात वाहून जातो. स्थगन प्रस्तावातून मथळा मिळतो.

म्हणून साहेबांना आधी विचारावं की माहिती हवी, निर्णय हवा, की मथळा हवा. तिन्ही हवं, असंच उत्तर येतं. तरी विचारावं.

२. तातडी कागदावर दिसली पाहिजे

पावसाळी अधिवेशन चालू होतं. भातलावणीचे दिवस. आमच्या भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस संपली होती. लावणीला गेलेल्या एका बाईला साप चावला, रुग्णालयानं जिल्ह्याच्या गावी पाठवलं आणि वाटेतच ती गेली. गावातले लोक रात्री आमदार निवासावर फोनवर फोन करत होते. साहेब संतापले होते. म्हणाले, ''गुरुजी, लिहा. राज्याच्या आरोग्य व्यवस्थेचे तीनतेरा वाजलेत, त्यावर तातडीची चर्चा पाहिजे.''

भावना शंभर टक्के खरी होती, पण सूचना म्हणून तिला किंमत शून्य. नियम काय म्हणतो? बाब एकच हवी, निश्चित हवी, नुकतीच घडलेली हवी, सार्वजनिक महत्त्वाची हवी, राज्य सरकारच्या अखत्यारीतली हवी आणि न्यायप्रविष्ट नको. 'आरोग्य व्यवस्थेची दुरवस्था' ही गेली तीस वर्षं चालू आहे. ती आजच तातडीची कशी झाली, असं विचारून अध्यक्षांचं कार्यालय कागद बाजूला ठेवणार, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

मग मी रुग्णालयातल्या औषधनिर्मात्याला फोन लावला. बिचारा घाबरला होता. पण अर्ध्या तासानं मोबाइलवर औषधसाठा नोंदवहीच्या पानाचा फोटो आला. शिल्लक रकान्यात शून्य, त्याच्या पुढं तारीख, आणि खाली जिल्ह्याकडे पाठवलेल्या मागणीपत्राचा जावक क्रमांक. त्या एका पानावर आख्खी लक्षवेधी उभी राहिली.

लक्षवेधीच्या मजकुराची गंमत अशी की ती आख्खी एकाच वाक्यात लिहायची असते. ''अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात अमुक तारखेपासून सर्पदंशावरील लस उपलब्ध नसणे, याबाबत वेळोवेळी मागणी करूनही साठा न मिळणे, परिणामी अमुक तारखेस एका महिलेचा उपचाराअभावी मृत्यू होणे, त्यामुळे जनतेत पसरलेली असंतोषाची भावना, याबाबत शासनाने तातडीने करावयाची उपाययोजना व शासनाची प्रतिक्रिया.'' पूर्णविराम शेवटी, एकदाच. शाळेत कुणा पोरानं असं वाक्य लिहिलं असतं तर मी लाल शाई वापरली असती. पण यात विशेषणं कमी आणि तारखा जास्त असल्या की उत्तर देणाऱ्या खात्याला पळवाट उरत नाही. 'भोंगळ', 'बेफिकीर', 'झोपलेलं सरकार' हे शब्द साहेबांच्या भाषणासाठी राखून ठेवा.

३. नकार मिळाला तरी रस्ता बंद होत नाही

स्थगन प्रस्ताव म्हणजे ठरलेलं कामकाज बाजूला सारा आणि हाच विषय घ्या, अशी मागणी. लोकसभेत त्याला पन्नास सदस्यांचा पाठिंबा लागतो, आणि एकदा स्वीकारला की किमान अडीच तास चर्चा चालवावी लागते. त्यात सरकारवर ठपका ठेवण्याचा भाग असतो. मंत्रिमंडळ लोकसभेलाच जबाबदार, म्हणून राज्यसभेला हे हत्यारच दिलेलं नाही.

हा प्रस्ताव क्वचितच का स्वीकारला जातो, याचं मूळ दादासाहेब मावळंकरांपर्यंत जातं. १९३७ साली ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ साली पहिल्या लोकसभेचे. त्यांचं म्हणणं असं की इंग्रजांच्या काळात सरकार सभागृहाला जबाबदारच नव्हतं, तेव्हा जाब विचारायला स्थगनाखेरीज दुसरी वाट नव्हती. आता सरकार आपलं आहे, बोलायला इतर संधी आहेत, तेव्हा हे अस्त्र ऊठसूट काढू नये. म्हणणं तर्काला धरून होतं, पण मग इतर संधी द्यायला हव्यात ना! त्या पुढं आल्या. १९५३ साली अल्पकालीन चर्चा सुरू झाली, १९५४ साली लक्षवेधी. लक्षवेधी ही अस्सल भारतीय चीज आहे. आपल्या बाकीच्या बऱ्याच पद्धती वेस्टमिन्स्टरहून आल्या, ही आपण घडवली.

आमच्याकडे विरोधी पक्ष जवळजवळ रोज सकाळी स्थगनाची नाहीतर परिषदेत नियम २८९ची सूचना देतो आणि ती जवळजवळ रोज नाकारली जाते. प्रेक्षक गॅलरीत बसलेल्या पाहुण्यांना वाटतं, काय हा खेळ! पण सूचना का स्वीकारावी हे सांगायला विरोधी पक्षनेत्याला काही मिनिटं बोलायला मिळतं. सगळे वार्ताहर त्या वेळी गॅलरीत हजर असतात. अध्यक्ष सूचना नाकारतात, पण नाकारताना 'शासनाने याची नोंद घ्यावी', 'उद्या निवेदन करावे' किंवा 'दुसऱ्या आयुधाद्वारे चर्चा घेऊ' असं काहीतरी म्हणतात. ते काहीतरी मिळवणं हाच निम्म्या वेळा हेतू असतो.

दिल्लीतही हीच ओढाताण चालते, फक्त आकडे वेगळे. नोटबंदीनंतर १६ नोव्हेंबर २०१६ रोजी राज्यसभेत नियम २६७ खाली कामकाज बाजूला ठेवून चर्चा झाली. २०२३च्या पावसाळी अधिवेशनात मणिपूरवर सरकार म्हणे नियम १७६ खाली अल्पकालीन चर्चा करू, विरोधक म्हणत २६७च पाहिजे. दिवसामागून दिवस यातच गेले. टीव्हीसमोर बसलेल्याला वाटलं असेल, आकड्यावरून काय भांडता? पण दोन आकड्यांमधला फरक खरा आहे. २६७मध्ये बाकी सगळं थांबतं, १७६मध्ये उरलेल्या वेळात बोलायचं असतं. शेवटी विरोधकांनी लोकसभेत अविश्वास प्रस्ताव आणला. प्रस्ताव पडणार हे मांडणाऱ्यांनाही ठाऊक होतं. पण ८ ते १० ऑगस्ट अशी तीन दिवस चर्चा झाली आणि पंतप्रधानांना उत्तर द्यावं लागलं. त्यासाठीच तो आणला होता.

४. खरी चर्चा आदल्या रात्री होते

''लक्षवेधी लागली का?'' हा अधिवेशनाच्या काळात मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न. सूचना देणं वेगळं, ती मान्य होणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशीच्या कामकाजाच्या क्रमात ती छापून येणं वेगळं. क्रमात नाव आलं की मंत्रालयातल्या खात्याची झोप उडते, कारण निवेदन तयार करून ते सदस्यांना वितरित करावं लागतं.

आमची लक्षवेधी लागली त्या संध्याकाळी मला खात्यातून फोन आला. ''साहेबांचा नेमका रोख कशावर आहे?'' हा प्रश्न ठरलेलाच. उत्तरही ठरवून द्यावं. सगळं लपवू नये आणि सगळं उघडंही करू नये. मी सांगितलं, ''लस कधी मिळणार, एवढंच.''

रात्री अकराच्या सुमाराला त्याच औषधनिर्मात्याचा फोन. जिल्ह्याहून गाडी आली होती. खोकं उतरवून घेतलं, सही केली, नोंदवहीत जमा दाखवलं. सभागृहात अजून कुणी तोंडही उघडलं नव्हतं आणि काम झालं होतं. कामकाज बंद पाडणारे आणि कामकाज वाया जातं म्हणून हळहळणारे, दोघांच्याही नजरेतून हा भाग सुटतो.

सकाळी छापील निवेदन हातात पडलं. त्यात लिहिलं होतं, ''सद्यःस्थितीत सदर रुग्णालयात लसीचा पुरेसा साठा उपलब्ध आहे.'' अक्षर न्‌ अक्षर खरं!

५. उपप्रश्न छोटा ठेवा

निवेदन वाचून साहेब भडकले. सभागृहात खोटी माहिती दिली म्हणून हक्कभंग आणतो म्हणाले. मी म्हटलं, माहिती खोटी नाही. फक्त तारीख विचारा.

आमदारांची खोड अशी की उपप्रश्न विचारायला उभे राहतात आणि भाषण करतात. भाषणाला मंत्री भाषणानं उत्तर देतात आणि तेवढ्यात अध्यक्ष पुढचं नाव पुकारतात. त्या दिवशी साहेबांनी माझं ऐकलं. ''अध्यक्ष महोदय, हा पुरेसा साठा रुग्णालयात कोणत्या तारखेला पोहोचला?'' एवढंच विचारून खाली बसले.

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या दीर्घेकडे पाहिलं. चिठ्ठी आली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, ''काल.'' सभागृहात हशा झाला, सत्ताधारी बाकांवरूनही झाला. मग साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि आम्हाला खरा हवा होता तो हाच. जिल्ह्यातल्या उरलेल्या ग्रामीण रुग्णालयांत साठा कोणत्या तारखेपर्यंत देणार? चेष्टा झालेला मंत्री दुसऱ्यांदा मोघम बोलत नाही. ''आठ दिवसांत,'' ते म्हणाले.

हा अधिकार आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही. १८९२च्या कायद्यानं कौन्सिलातल्या सदस्यांना प्रश्न विचारायची मुभा दिली, पण उपप्रश्नाची नाही. सरकारनं द्यायचं ते उत्तर द्यायचं आणि विषय संपायचा. १९०९मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची परवानगी मिळाली. एका साध्या प्रश्नाच्या शेपटातून केवढं निघू शकतं, हे १९५७ साली दिसलं. आयुर्विमा महामंडळाचा पैसा हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत कसा गेला, यावर लोकसभेत प्रश्न आले, उत्तरं गुळमुळीत आली, आणि १६ डिसेंबरला फिरोज गांधी कागदपत्रांसह उभे राहिले. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे, पंतप्रधानांचे जावई. पुढं न्यायमूर्ती छागलांचा चौकशी आयोग नेमला गेला, त्याची सुनावणी मुंबईत जाहीरपणे झाली, आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. विरोधी बाकांवरच्या माणसाइतकाच नेमका प्रश्न सत्ताधारी सदस्यही विचारू शकतो. हल्ली तसे विचारणारे दुर्मीळ झाले आहेत, एवढंच.

६. पेढ्यांचा बॉक्स घेऊन येणाऱ्यापासून सावध

अधिवेशनाच्या आधी काही माणसं टाइप केलेला प्रश्न खिशात घेऊन येतात. विषय जनहिताचा, आकडे चोख, नियमांची भाषा आपल्याहून सरस. असा कागद आला की समजावं, ठेकेदाराचा ठेकेदाराशी वाद आहे. आपण प्रश्न लावायचा, त्यांनी तो समोरच्याला दाखवायचा, आणि उत्तराच्या दिवशी 'साहेब गैरहजर राहिले तर बरं होईल' असा निरोप यायचा. डिसेंबर २००५मध्ये प्रश्नासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात संसदेनं अकरा खासदारांना बडतर्फ केलं. त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते. मी प्रत्येक सूचनेमागं कुणाचा अर्ज आहे, त्याची फाइल ठेवत असे. ज्या सूचनेमागं अर्ज नाही, ती द्यायची नाही.

७. गोंधळात सगळ्यात जास्त नुकसान मागच्या बाकांचं

सभात्यागाला मी विरोध करणार नाही. मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलातून १९०१ साली फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी जमीन महसूल विधेयकाच्या वेळी उठून गेले होते. दुष्काळानं पिचलेल्या शेतकऱ्याच्या जमिनीचा तो प्रश्न होता आणि मतदानात हरणार हे उघड होतं. आधी मुद्देसूद बोलून मग ते बाहेर पडले.

आताचा क्रम उलटा आहे. आधी घोषणा, मग अध्यक्षांच्या आसनापुढची मोकळी जागा, कधी राजदंडाला हात, दहा मिनिटांची तहकुबी, पुन्हा तहकुबी. मोठ्या नेत्यांचं यात काही जात नाही, त्यांना बाहेर पायऱ्यांवर कॅमेरे मिळतात. पण त्या दिवशी ज्याची एकुलती एक लक्षवेधी लागलेली असते, तो दूरच्या तालुक्यातला आमदार मारला जातो. त्याचा विषय घेतला जात नाही, आणि गावाकडे काय सांगायचं हे त्याच्या पीएला समजत नाही. सत्ताधाऱ्यांना गोंधळ नको असतो, असंही समजू नका. अडचणीची लक्षवेधी क्रमात असली की कुठून तरी एखादं चिथावणीचं वाक्य बरोबर येतं.

आणि दुसरं टोक म्हणजे लक्षवेधींचा महापूर. सकाळी खास बैठक लावून त्या उरकतात. रिकाम्या बाकांसमोर सदस्य वाचतो, संबंधित मंत्री नसले तर दुसरेच मंत्री उत्तर देतात. सगळ्यांनाच बोलायला मिळालं म्हणून सगळे खूश. याला तातडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

८. नागपुरात बाहेरही बघा

१९५३च्या नागपूर कराराप्रमाणे एक अधिवेशन तिथं भरतं. दिवस थोडे, मोर्चे फार. विधानभवनाच्या आत आपण 'तातडीची व सार्वजनिक महत्त्वाची बाब' म्हणून जे वाचतो, ते बाहेर रस्त्यावर बसलेलं असतं. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यानंतर आदिवासी विकासमंत्र्यांनी राजीनामा दिला. मी नागपुरात असताना रोज दुपारी एक चक्कर मोर्चाच्या जागेकडे मारत असे. आपल्या जिल्ह्याचे लोक आलेले असले तर त्यांचं निवेदन घ्यायचं आणि त्याच दिवशी औचित्याच्या मुद्द्यात बसवायचं. निवेदन ताजं असतं, माणसं बाहेर बसलेली असतात, म्हणून अध्यक्षही बोलायची परवानगी देतात.

९. सभागृहात पडलेला शब्द गोळा करा

मंत्री सभागृहात जे कबूल करतात ते आश्वासन ठरतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. लोकसभेत ती १९५३पासून आहे आणि आश्वासन पुरं करायची मुदत तीन महिन्यांची. कुठली शब्दरचना आश्वासन धरायची, याची लोकसभेच्या समितीनं यादीच केली आहे. 'मी यात लक्ष घालीन', 'बाब विचाराधीन आहे' ही वाक्यंसुद्धा त्या यादीत आहेत. म्हणजे वेळ मारून न्यायला बोललेलं वाक्यही अंगाशी येऊ शकतं, कुणी ते धरून बसलं तर.

धरून बसायचं काम पीएचं. त्याच संध्याकाळी प्रतिवेदकांच्या टंकलिखिताची प्रत मिळवावी. तिच्या माथ्यावर 'असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही' असं छापलेलं असतं. त्यातलं 'आठ दिवसांत' मी पेन्सिलनं अधोरेखित केलं, तारीख मांडली आणि नवव्या दिवशी जिल्ह्यातल्या सगळ्या ग्रामीण रुग्णालयांना फोन लावले. काही ठिकाणी लस आली होती, काही ठिकाणी नव्हती.

हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न भरला. ''(१) जिल्ह्यातील सर्व ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशावरील लस आठ दिवसांत उपलब्ध करून देण्याचे आश्वासन देण्यात आले होते, हे खरे आहे काय, (२) असल्यास, अद्याप काही रुग्णालयांत साठा पोहोचलेला नाही, हेही खरे आहे काय, (३) असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'' नागपुरात उत्तर आलं. ''(१) होय. (२) अंशतः खरे आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.''

उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच उत्तरातून निघालेल्या मुद्द्यावर अर्धा तास चर्चा मागता येते. नियमात तशी तरतूद आहे. साहेब जेवायला बसले होते, त्यांची सही घेतली आणि सूचना देऊन आलो.